मोठ्या डॉक्टरांची खोली

फिंटन कॉइनने जुन्या मनोरुग्णालयात भाड्याने घर घेतल्याचं ऐकून डिम्फनाच्या हातातली ताटली पडता पडता वाचली. आयर्लंडच्या पश्चिमेकडचं त्यांचं गाव पिढ्यान्‌पिढ्या त्या हॉस्पिटलवरच जगलेलं. ते बंद पडलं आणि आता तिथे फ्लॅट निघाले होते. डिम्फनाने तिथे नर्स म्हणून उमेदीची वर्षं घालवली होती, फिंटनने पेशंट म्हणून तारुण्य. शेताच्या वाटणीवरून भावाशी हातघाईवर आला, म्हणून घरच्यांनी त्याला तिथे नेऊन सोडलं. न्यायला मात्र कुणी फिरकलं नाही.

ती तडक त्याच्याकडे गेली. "अरे, गाव काय ओस पडलंय? तिथेच कशाला जायचं?"

"सिस्टर, तळं सगळ्यात छान कुठून दिसतं?"

"मोठ्या डॉक्टरांच्या खोलीतून."

"तीच घेतलीय. तिथे गालिच्यावर मला उभं करायचे. डॉक्टर विचारायचे, 'काय कॉइन, कसं वाटतंय?' आणि मी त्यांच्यामागच्या खिडकीतून तळ्यातली बदकं बघत बसायचो. झालं! 'सुधारणा नाही.' परत वॉर्डात."

डिम्फनाला हसावं की रडावं कळेना.

शनिवारी त्याने अर्ध्या गावाला जेवायला बोलावलं. पूर्वी आत राहिलेले पेशंट आले, तसे तिथे रांधणारे, धुणारेही आले. जिना चढताना डिम्फनाचा हात सवयीने कमरेला किल्ल्या चाचपू लागला. दार तर सताड उघडं होतं.

खुर्चीत रेलून फिंटनने डॉक्टरांच्याच खर्जात विचारलं, "काय सिस्टर, कसं वाटतंय?"

तिने घसा खाकरला. "गुडघे दुखतायत, डॉक्टर. घसाही कोरडा पडलाय."

"सुधारणा नाही!" अख्खी खोली ओरडली, आणि हसून हसून सगळ्यांची पुरेवाट झाली.

मग धोबीखान्यातल्या मॅलकीने अ‍ॅकॉर्डियन काढला. टेबल भिंतीला सरकलं. खालच्या मजल्यावरची नवी भाडेकरू तणतणत वर आली, तर फिंटनने तिच्या हातात भरलेली थाळीच ठेवली. "आधी जेव, पोरी. भांडायला रात्र पडलीय."

ती जेवली, आणि भांडायचं राहूनच गेलं.

"आता तरी सिस्टर म्हणणं सोड," डिम्फना म्हणाली.

"बरं, डिम्फना. नाचतेस?" त्याने हात पुढे केला.

उन्हाळ्याची लांबलचक संध्याकाळ होती. तळ्यावरचा उजेड सरेपर्यंत दोघं नाचत राहिली.