माझ्या स्मृतिदिनाची खीर

अकरा वर्षांनी घरी आले, तर भावाचा पहिला प्रश्न, "कोणी पाह्यलं काय तुले?"

कशी आहेस, कुठून आलीस, काही नाही. केळझरच्या फाट्यावर एसटीतून उतरून मी भर दुपारी घरापर्यंत चालत आले होते. उन्हामुळे तोंडाला ओढणी बांधली होती, त्यामुळे कोणी ओळखलं नव्हतं. तसं सांगितल्यावर राकेशच्या जिवात जीव आला. त्यानं मला दंडाला धरून मागच्या दारानं स्वयंपाकघरात घेतलं. त्याचा हात घामानं चिकट झाला होता. मी तो झटकून टाकला.

पुढच्या अंगणात मांडव होता. टेबलावर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, मेणबत्त्या, आणि शेजारी हार घातलेला माझा फोटो. मागे फ्लेक्स: 'थोर पारयात्री ज्योत्स्ना पुंडलिक थूल, चौथा स्मृतिदिन'. मी नेमकी माझ्याच जेवणावळीला पोचले होते.

पारशोध खात्यानं समुद्राच्या तळाशी सापडलेल्या दारातून आम्हा सहा जणांना पलीकडच्या जगात पाठवलं होतं. आम्ही आत गेलो आणि दार मिटलं. दोन सूर्य, काळी वाळू, माणूस नावाला नाही. चार जण पहिल्या दोन वर्षांतच गेले. मी आणि मेघा उरलो. आम्ही अळ्या खाल्ल्या, दगडावरचा बुळबुळीत चिकटा चाटला, एकमेकींच्या जखमांतला पू बोटांनी काढला. किळस काय असते ते मी तिकडे विसरूनच गेले होते. ती मला आमच्या स्वयंपाकघरात परत भेटली.

माय गॅसपाशी उभी राहून खीर ढवळत होती. तिनं मान वळवून मला पाहिलं आणि पुन्हा पातेल्यात पाहिलं. मी साक्षगंधाच्या, म्हणजे माझ्या साखरपुड्याच्या, दिवशी घर सोडलं होतं. पाव्हणे बैठकीत बसलेले, आणि मी खात्याचं पत्र घेऊन एसटीत. तेव्हा ही फाट्यापर्यंत मागे आली होती आणि चारचौघांत ओरडली होती, "आजपासून तू आमच्यासाठी मेली!" तेवढं एक वाक्य तिनं मागे घ्यावं, एवढ्यासाठी मी आले होते. दुसरं मला काही नको होतं.

"माय," मी म्हटलं.

"बस. खीर लागून राह्यली खाली."

राकेशला मात्र बोलायची घाई होती. "ताई, समजून घे. सात वर्षं वाट पाह्यली, मग कोर्टानं तुले मयत ठरवलं. तुया जागेवर मले अनुकंपावर नोकरी भेटली, खातं बंद पडलं तं तहसिलीत घेतलं. आता तू जिवंत निंघाली तं माही नोकरी जाते ना? लेकरू हाय मले. अन् तुयं नाव किती झालं पाय! दरसाल कार्यक्रम करतो. शाळेत वह्या वाटतो तुया नावानं."

"मग मी काय करू?"

"कार्यक्रम होईपर्यंत इथंच राय. अंधार पडला का मी तुले वर्धेले सोडून देतो."

इतकं सहज बोलला, जशी काही मी उष्ट्याची बादली आहे आणि पाव्हणे गेल्यावर मला बाहेर नेऊन ओतायचं आहे.

माझा विश्वास बसावा म्हणून त्यानं कपाटातून फाईल काढून माझ्या हातात दिली. कागदाशिवाय या माणसाचं पान हलत नाही. लहानपणी पतंगाच्या दुकानाची चिठ्ठीसुद्धा जपून ठेवायचा. "सगळं कायदेशीर हाय, पाय तू," म्हणाला आणि मांडवात गेला. माईकवर कोणी तरी 'हॅलो हॅलो' करत होतं.

कागद एकदम टापटीप. टॅगमध्ये ओवलेले, प्रत्येकावर लाल शाईनं आकडा. कोर्टाचा हुकूम, नेमणुकीचं पत्र, रुजू अहवाल. एक्केचाळीस नंबरला खात्याचं पत्र होतं, मार्च २०२३ चं. 'श्रीमती ज्योत्स्ना थूल यांचा संदेश प्राप्त झाला आहे. पलीकडे दोन व्यक्ती जिवंत असाव्यात. दार पुन्हा उघडण्यासाठी वारसांचा लेखी अर्ज तीस दिवसांत आवश्यक आहे.'

बेचाळीस नंबरला उत्तराची स्थळप्रत. 'आमची मुलगी मयत आहे. आमची कोणतीही मागणी नाही.'

खाली सही राकेशची नव्हती. 'सुलोचना' अशी होती. मी सातवीत असताना बचत गटासाठी मायला सही शिकवली होती, पाटीवर, हात धरून. तिच्या 'च'ला तेव्हापासून एक जादा गाठ पडते. ती गाठ तिथं होती.

दुसरा कोणी हरामखोर असता तर असला कागद त्यानं चुलीत घातला असता. आमच्या राकेशनं त्याला भोक पाडलं, आकडा टाकला आणि ओवून ठेवला.

त्या मार्चमध्ये मी आणि मेघानं शेवटची बॅटरी लावून संदेश पाठवला होता. मग चाळीस दिवस त्या मिटलेल्या दारापाशी बसून राहिलो. वारसांनी अर्ज केला तरच खातं दार उघडतं, आणि मेघाला घरचं कोणी नव्हतं. तिची सगळी आशा माझ्या घरावर होती. "तुझी आई आपल्याला परत येऊ देणार नाही असं होईल का?" म्हणायची. एक्केचाळिसाव्या दिवशी ती गेली. मी तिला हातांनी वाळू उकरून पुरलं आणि दीड वर्ष चालून दुसरं दार शोधलं. बाहेर आले तर खातंच बंद पडलेलं. चौकीदारानं चहा पाजला.

"माय, हे तू केलं?"

पळी थांबली नाही. "त्याचं लगन जुळलं होतं. नोकरीवरच जुळलं होतं. तू तं गेलतीच."

"मेघा मेली, माय. वाट पाहून पाहून मेली."

"कोन मेघा?"

करपलेल्या दुधाचा आणि वेलचीचा वास घशात बसला.

बाहेर वंदना झाली आणि राकेश माईकवर बोलायला लागला. "माही ताई शेवटच्या श्वासापर्यंत..." म्हणाला आणि त्याला हुंदका फुटला. हुंदका खरा होता. त्याचीच मला जास्त किळस आली.

पंगत बसली तशी मी ओढणी सोडली, पुढच्या दारानं बाहेर गेले आणि टोकाला जाऊन बसले. शेजारी गल्लीतल्या म्हाताऱ्या कमलाबाई होत्या. माय खीर वाढत वाढत आमच्यापर्यंत आली. कमलाबाईंनी चष्मा सारखा करून माझ्याकडे निरखून पाहिलं.

"सुलोचना, हे ज्योत्स्ना व्हय ना वो?"

पंगतीतले हात थांबले. राकेश माईक धरून तसाच उभा राहिला.

मायनं त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत नीट पाहिलं. एक हुंकार दिला असता तरी मी तिला सगळं माफ केलं असतं, मेघाचं मरणसुद्धा. इतकी मी लाचार झाले होते.

"नाई वो," माय म्हणाली. "ज्योत्स्ना तं मेली." मग माझ्या वाटीत खीर वाढली. थांबली आणि आणखी एक पळी घातली. "पोटभर जेवजो, बाई."

मी एक घास तोंडात घेतला. अळ्या गिळणारी मी, पण तो घास खाली उतरेना. सगळ्यांदेखत मी तो ताटात थुंकले आणि उठले.

मांडवाच्या तोंडाशी टेबलावर राकेशची हजेरीची वही होती. आलेल्या प्रत्येकाची त्यात सही घेतलेली. छापील आकड्यांची पानं, नाव, गाव, सही, शेरा असे रकाने. मी पेन घेतलं. नाव: ज्योत्स्ना पुंडलिक थूल. गाव: हेच. सही केली. शेऱ्यात लिहिलं: हयात. खाली तारीख आणि वेळ टाकली.

राकेश धावत आला, वाचलं आणि पांढरा पडला. "ताई, हे काऊन लिवलं?"

"फाड ना मग," मी म्हटलं.

त्याचा हात पानापर्यंत गेला. कोपऱ्यातल्या छापील आकड्याकडे त्यानं पाहिलं आणि हात मागे आला. मी फाट्याच्या रस्त्याला लागले. ऊन तसंच होतं, पण ओढणी तोंडाला बांधली नाही.