भरलं ताट परत जातं

जावयाचा आवाज चढलेला घरात कोणी ऐकला नव्हता. बँकेत तो रोखपाल होता. गिऱ्हाईक अंगावर धावून आलं तरी हा मान खाली घालून नोटा मोजत राहायचा. सासरे त्याला तोंडावर गोगलगाय म्हणत. स्वतः सासरे म्हणजे गोदीत जन्मभर क्रेन चालवलेला दणकट गडी. जेवायला बसले की वाढणारीची कंबर मोडायची.

ते न्हाणीघरात घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झकास झालं, असं सगळे म्हणाले. पण म्हातारा दिवसेंदिवस वाळत चालला. भेटायची वेळ फक्त संध्याकाळची. लेक रोज जायची आणि सिस्टर रोज तेच सांगायची, "जेवत नाहीत हो. हट्टी आहेत." मग लेक बापाला रागवायची. तो भिंतीकडे तोंड करून पडायचा.

एका दुपारी जावई त्यांचा चष्मा द्यायला गेला. पहारेकऱ्याने काय मनात आणलं कोण जाणे, आत सोडलं. जेवणाचीच वेळ होती. वाढपी आला, खाटेच्या पायथ्याशी असलेल्या टेबलावर झाकलेलं ताट ठेवलं आणि पुढे गेला. सासरे पाठीवर आडवे. हात लांब केला तरी ताट हातभर पलीकडेच. जावई ते पुढे ओढणार तोच सासऱ्यांनी मान हलवली. "राहू दे. चावणार कशाने?"

तेव्हा त्याच्या ध्यानात आलं. तोंडाचं बोळकं झालं होतं. ऑपरेशनआधी काढलेली कवळी खाटेशेजारच्या कपाटात, डबीत, तशीच पडून होती.

"सांगितलं नाहीत कोणाला?"

"सांगितलं. 'बघतो' म्हणाले."

तेवढ्यात वाढपी परत आला आणि भरलं ताट उचलून चालता झाला. झाकण उघडून बघायचीही तसदी त्याने घेतली नाही.

जावयाच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. डॉक्टर फेरीवर आले तेव्हा तो वाटेतच उभा राहिला.

"हाड छान जुळतंय," डॉक्टर म्हणाले.

"आणि हाडाभोवतीचा माणूस?"

"वय आहे. या वयात वजन उतरतंच."

"किती उतरलं?"

डॉक्टरांनी सिस्टरकडे पाहिलं. सिस्टरने खिडकीकडे.

"आल्या दिवशी लिहिलेलं आहे," ती म्हणाली.

"तोललं होतं?"

"विचारून लिहिलं. खुबा मोडलेल्या माणसाला उभं कसं करणार?"

"खुर्चीत बसवून तोलतात. नंतर तर खुर्चीत बसायला लागले होते ना? तेव्हा का नाही तोललं? तपासायला रक्ताच्या बाटल्या भरून नेता, आणि माणूस जेवला का, एवढं कोणी बघत नाही." आवाज एवढा चढला होता की सगळा वॉर्ड ऐकत होता. त्याला त्याची पर्वा नव्हती.

बसायचा काटा अडगळीतून बाहेर निघाला. आकडा पाहून डॉक्टरांनी लगेच आहारतज्ज्ञ बाईंना बोलावलं. बाईंनी विचारलं, कपडे सैल झाले का, किती दिवस जेवण अर्ध्यावर, गिळताना त्रास होतो का. दंडाला फीत लावून बघितलं. दहा मिनिटांत काम संपलं.

"हे म्हाताऱ्या माणसाला आल्या आल्याच विचारायचं असतं," त्या म्हणाल्या. "पण मला बोलावलं तरच मी येणार ना?"

त्या दिवसापासून सासऱ्यांच्या तोंडात कवळी, पाठीला उशी आणि ताट मांडीवर आलं. मऊ अन्न, मधल्या वेळेला दूध, आणि जेवताना जवळ कोणीतरी. ऑपरेशनची चिघळत राहिलेली जखम सुकायला लागली. म्हातारा पुन्हा खेकसू लागला, तेव्हा लेकीला रडू फुटलं.

शेजारच्या खाटेवर एक घड्याळजी होते. त्यांच्याकडे कोणी येत नसे. पांघरुणाखाली माणूस आहे की नाही, कळत नव्हतं. डॉक्टरांशी भांडला त्याच दिवशी जावई सिस्टरला म्हणाला होता, "यांनाही तोला."

"ते तुमचे कोण?"

"कोणीच नाहीत. म्हणून तर सांगतोय."

सिस्टर 'उद्या' म्हणाली. उद्याचा परवा झाला. जावई रोज विचारत राहिला, तेव्हा कुठे त्यांना काट्यावर बसवलं. तोवर घशाखाली घोट उतरत नव्हता. नळी घातली, औषधं दिली, पण छातीत कफ दाटला आणि आठवड्याच्या आत ते गेले.

सासऱ्यांना घरी न्यायच्या सकाळी डॉक्टरांनी हात पुढे केला. जावयाने तो धरला नाही.

"घड्याळजी कशाने गेले?" त्याने विचारलं.

"न्यूमोनिया. आणि वयही झालं होतं."

"वय माझ्या सासऱ्यांचंही झालंय, डॉक्टर. पण यांच्यासाठी भांडायला आम्ही होतो."

डॉक्टरांनी हात मागे घेतला. चाकाच्या खुर्चीत बसलेले सासरे सगळं ऐकत होते. "चला, जावईबापू," ते हलकेच म्हणाले. रिकाम्या खाटेवर नवी चादर घातली होती आणि तिच्यावर एका म्हातारीला निजवत होते. जावयाने खुर्ची तिथेच थांबवली आणि सिस्टरला विचारलं, "या बाईंना तोललं का?"