एकतर्फी व्हॉल्व्ह

धाकटीने गॅरेजमधल्या लिफ्टच्या खांबावर, गाडी पेलणाऱ्या हाताच्या अगदी कडेला, खडूने रेघ ओढली आणि खडू टेबलावर आपटला.

"जेवणापर्यंत बघ, हा हात कुठे येतो ते."

दादा गाडीखालूनच हसला. "ऐकलंत का?" तो बाहेर थांबलेल्या गाडीमालकाला म्हणाला. "आमच्या बहिणीला वाटतं, गाडी माझ्या टाळक्यावर बसणार."

गाडीमालकही हसला. धाकटीचे कान तापले. गॅरेज दोघांचं होतं. पण गिऱ्हाइकासमोर ती कायम 'आमची बहीण', भागीदार कधीच नाही.

पंप तेल ढकलतो आणि ते तेल लिफ्टला वर उचलतं. पंप थांबल्यावर तेल मागे फिरू नये म्हणून वाटेत एकतर्फी व्हॉल्व्ह असतो. त्यातली पोलादी गोळी आपल्या जागी घट्ट बसते आणि वाट बंद होते. ती गोळी आता नीट बसत नव्हती. तेल चोरपावलांनी टाकीत परतत होतं आणि वरची अख्खी गाडी हळूहळू खाली सरकत होती. लिफ्ट अडकवून ठेवणारा खटका तर केव्हाच मोडला होता. धाकटी कधीपासून हेच कानीकपाळी ओरडत होती. दादा दर वेळी बटण दाबून लिफ्ट पुन्हा वर घ्यायचा. झाली दुरुस्ती!

जेवणापर्यंत हात रेघेच्या चार बोटं खाली आला.

"आता बोल!"

"उन्हाने तेल पातळ होतं गं. तेवढ्यासाठी काम बंद ठेवू?"

"तू मेलास की चालू राहील?"

"जिभेला काही हाड?" दादा गरजला.

वहिनी डबा घेऊन दारात उभी होती. तिने दोघांकडे पाहिलं, मग खांबाकडे. काही न विचारता कोपऱ्यातलं स्टूल उचललं, गाडीखाली ठेवलं आणि त्यावर बसून डबा मांडीवर उघडला.

"हे काय? ऊठ तिथून."

"जेवतेय."

"वेड लागलंय का? आधी बाहेर ये!"

"का? पक्की आहे ना लिफ्ट?" वहिनीचा आवाज जराही चढला नव्हता. "तुम्ही दिवसभर असता इथे. मी चार घास खाल्ले तर काय बिघडलं?"

दादाने धाकटीकडे पाहिलं. तिचाही राग कुठच्या कुठे पळाला होता.

"वहिनी, तू नको गं..."

वहिनीने घास मोडला. वर गाडीत काहीतरी करकरलं. तिने मान वर केली नाही.

"बंद!" दादा ओरडला. "लिफ्ट बंद. व्हॉल्व्ह आत्ता खोलतो. ऊठ, पाया पडतो तुझ्या."

तेव्हा कुठे ती उठली.

लिफ्ट उतरवून त्याने व्हॉल्व्ह खोलला. गाडीमालक बाहेरून घाई करत होता. गोळीच्या बैठकीवर रबराचा एक कण चिकटला होता, तिळाहून लहान.

"एवढंसं गं हे, बघ," दादा तो कण बोटावर घेऊन वहिनीजवळ गेला. त्याच्या आवाजात सुटकेचं हसू होतं.

वहिनीने बोटाकडे पाहिलंच नाही. तिने डब्याचं झाकण लावलं, पदराने कपाळावरचा घाम पुसला आणि ती रस्त्याला लागली. दादा बोट तसंच पुढे धरून दारात उभा राहिला.