फुंकरीने सुटलेली दारू

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. मंचावर बाबांच्या हातात काचेचा पेला, पेल्यात निळंशार पाणी, पाण्यात नळी. पिणाऱ्याने नळीतून फुंकायचं. पाणी पिवळं झालं की दारूचं भूत अंगातून निघालं! सकाळपासून सव्वीस जणांनी फुंकलं, सव्वीस भुतं निघाली. एकही भूत रजेवर नव्हतं.

सत्ताविसावा आमच्या गल्लीतला शिंपी. डॉक्टरांच्या गोळ्यांवर बारा दिवस थेंब न घेता राहिलेला. हात मात्र अजून असे थरथरायचे की सुईत दोरा बायको ओवून द्यायची.

"गोळ्या आधी या पेटीत टाक," बाबा म्हणाले. "औषध आणि मी एका शरीरात राहत नाही."

"पण डॉक्टर म्हणालेत, मनाने बंद करू नका. सहा महिने उपचार..."

"सहा महिने? माझं काम अर्ध्या मिनिटाचं. भूत गेलं की मग एखादा घोट घेतलास तरी बाधायचा नाही!"

शिंप्याचे डोळे चमकले. अर्ध्या मिनिटात सुटका, वर घोटाची सवलत! त्याने खिशातून गोळ्यांची पट्टी काढली.

"थांबा हो जरा!" बायको पुढे झाली. चौदा वर्षं ती शाळेच्या प्रयोगशाळेत काचेची भांडी धुते. बाबांचं पाणी तिने आदल्या दिवशीच्या सभेतच ओळखलं होतं, पण घरात सांगूनही नवरा ऐकेना. "बाबा, आधी मी फुंकते."

"तू पितेस?"

"चहा."

हशा पिकला. तेवढ्यात तिने फुंकलंही. पाणी हिरवट झालं, मग पिवळं.

"पाहिलंत? नवऱ्याचं भूत बायकोतही शिरलंय!"

तिने दुसरा निळा पेला ओढला, पिशवीतून सोड्याची बाटली काढली आणि ओतली. ना फुंकर, ना मंत्र, पाणी पिवळं.

"आणि हा सोडा कधीपासून प्यायला लागला?"

"सोड्याला दारूची संगत असते," बाबा म्हणाले. हजरजबाबीपणात माणूस कमी नव्हता.

"संगत कसली? आपल्या श्वासात असतो तोच वायू सोड्यात असतो. तो मिसळला की हे रसायन घातलेलं पाणी पिवळं होतं. आमची सातवीची पोरं रोज फुंकतात, पेले मी घासते. ती सगळी काय दारुडी?"

मागच्या रांगेत दोन भूतमुक्त सज्जन सवलत वापरून एव्हाना झोकांड्या खात होते. लोकांनी वळून पाहिलं. बाबांना एकाएकी ध्यानाची वेळ आठवली.

"मग ते अर्ध्या मिनिटाचं...?" शिंप्याने केविलवाणं विचारलं.

"नाहीच ते. सहा महिने आहेत. मी येते ना बरोबर."

त्याने पट्टी पुन्हा खिशात घातली.

आज त्याचा एकोणचाळिसावा दिवस. मध्यंतरी एकदा पाय घसरता घसरता राहिला, घरी येऊन रडला, सकाळी दवाखान्यात गेला. यात चमत्कार नाही, म्हणून गर्दीही नाही. व्यसन हा आजार आहे. माणसाला डॉक्टरकडे न्या आणि तिथे त्याच्याशेजारी बसा. फुंकून दारू सुटत असती, तर फुगेवाल्यांइतकं निर्व्यसनी जगात कुणी नसतं.