हा न घेतलेला बरा

सकाळी उठल्यापासून दुपारपर्यंत मी बोलत नाही. लग्नाच्या आधीपासूनचा माझा हा नेम. तो देवासाठी आहे अशी माझी समजूत. जाऊबाईंच्या मते त्याचा खरा लाभ घरातल्यांना होतो. मौनाशिवाय जप आहे, एक वेळचं जेवण आहे आणि कुणाविषयी वाईट शब्द काढायचा नाही हाही नेम आहे. हा शेवटचा नेम अर्धा दिवस तरी मौनामुळे आपोआप पाळला जातो. उरलेल्या अर्ध्या दिवसाचं मी फारसं सांगत नाही.

माझं काम थोडं वेगळं आहे. मी एका बाईंसाठी दुसऱ्यांचं बोलणं टाइप करते. बाई इमारतींचे नकाशे करतात. एका आजारपणात त्यांचे दोन्ही कान गेले, पण बोलणं शाबूत राहिलं आणि कामाची हौसही. बैठकीत मी त्यांच्या शेजारी बसते, जो जे बोलेल ते लॅपटॉपवर उमटवत जाते, त्या वाचतात आणि तोंडाने उत्तर देतात. बैठका बहुतेक सकाळच्या. म्हणजे माझं तोंड बंद आणि बोटं चालू. बोटांनी बोललेलं मौनात धरायचं की नाही, यावर मी पुष्कळ दिवस विचार केला आणि जो निकाल सोयीचा होता तो देवाच्या नावावर घातला.

माझा जुना लॅपटॉप मात्र देवाच्याच भरवशावर होता. झाकणाची एक बिजागरी तुटलेली, म्हणून मागे पाण्याची बाटली टेकवायची. बॅटरी कधीच गेलेली, त्यामुळे वायर जरा हलली की पडदा काळा. काम सुरू करण्यापूर्वी मी त्याच्यावर हात ठेवून मनात नाव घ्यायची. आमचे हे लिफ्ट दुरुस्तीच्या कामात आहेत. ते म्हणायचे, "अगं, जपाने बॅटरी भरत असती तर मला कुणी कामावर ठेवलं असतं का?"

मी हसून सोडून द्यायची. श्रद्धा आणि चालढकल यांच्यात फार बारीक रेघ असते आणि मी तिच्या कोणत्या बाजूला उभी आहे हे मला कधीच नीट दिसलं नाही.

मग शाळेच्या बैठकीत व्हायचं ते झालं. एका जुन्या शाळेची इमारत वाढवायची होती आणि नकाशे बाईंचे होते. समितीच्या अध्यक्षांनी विचारलं की खर्च वाढतोय, तर समोरचा व्हरांडा गाळायचा का. त्याच वेळी कुणाचा तरी पाय वायरला लागला. मी टेबलाखाली वाकले. बाईंच्या समोर काळा पडदा, आणि सगळे त्यांच्याकडे बघताहेत. त्यांनी हसून मान डोलावली. ऐकू येत नसलं की माणूस तसंच करतो. मौनात असलं की मीही तसंच करते. वायर जागेवर बसेपर्यंत मुलांच्या मधल्या सुट्टीचा व्हरांडा नकाशातून गेला होता. नंतर बाईंनी पुष्कळ समजावलं, पण अध्यक्षांचं एकच म्हणणं, की मॅडम, होकार तुम्हीच दिलात.

बाहेर आल्यावर त्या मला रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"पुढच्या वेळी शाळेच्या जुन्या दालनाचं ठरणार आहे," त्या म्हणाल्या. "ते पाडायचं म्हणाले तर मी तिथल्या तिथे हे काम सोडणार. त्यामुळे त्या दिवशी मला एकही शब्द चुकून चालणार नाही."

घरी येऊन मी ह्यांना सांगितलं की नवा लॅपटॉप घ्यायचा. ह्यांना आनंद झाला, कारण ह्यांना कुठलीही वस्तू घेण्यापेक्षा ती निवडायला जास्त आवडतं. फार महागडा परवडणार नव्हता आणि अगदी स्वस्तातला पुन्हा बाटलीला टेकवावा लागला असता. ह्यांनी शिकवणी घेतली. झाकण एका हाताने उघडून बघ, खालचा भागही सोबत उचलला गेला तर बिजागरीचं काही खरं नाही. मधोमध दाबून बघ, गादीसारखं दबायला नको. बॅटरी बदलता येते का विचार. आणि दिसण्यावर जाऊ नको. शेवटचं वाक्य म्हणताना त्यांनी माझ्याकडे बघितलं, तेव्हा मी विषय बदलला.

ह्यांना सुट्टी नव्हती, म्हणून जाऊबाई आल्या. त्यांना सकाळचीच सवड होती. "तुझं मौन आणि माझी जीभ," त्या म्हणाल्या, "दोघींची मिळून एक बाई होते." पण दुकानात शिरल्या शिरल्या त्यांना धुलाई यंत्रं दिसली, आणि माझी जीभ एका तरुण विक्रेत्याशी फेऱ्यांच्या वेगाबद्दल वाद घालत पलीकडच्या दालनात निघून गेली.

माझ्या वाट्याला आला तो चष्मा कपाळावर चढवलेला, वयस्कर, गोड बोलणारा विक्रेता. मी ओठांवर बोट ठेवलं आणि हात जोडले. त्याला वाटलं माझा घसा बसलाय. त्याने गरम पाण्याचं सुचवलं. मी मान डोलावली. पुन्हा तेच.

त्याने मला खिडकीजवळच्या टेबलाशी नेलं. तिथे एक लॅपटॉप ठेवला होता, रुपेरी, इतका सडपातळ की मला माझ्या एकभुक्तपणाची लाज वाटली. झाकणावर ऊन पडलं होतं. दिसण्यावर जायचं नाही हे ह्यांचं वाक्य आठवत आठवत मी दिसण्यावर गेले. मग भानावर येऊन एका हाताने झाकण उघडलं, तर आख्खा लॅपटॉपच हवेत उचलला गेला. मधोमध बोट दाबलं, तर कीबोर्ड डुगडुगला. मोह आवरून मी त्यावर लिहायचं पान उघडलं आणि विक्रेत्याला माझा निर्णय टाइप केला: हा न घेतलेला बरा.

लिहिलं आणि पडदा त्याच्याकडे वळवला. नम्रपणाची माझी हीच रीत आहे, नकार द्यायचा आणि नजर खाली ठेवायची. त्यामुळे मी काय लिहिलंय ते मी वाचलंच नाही.

तो एकदम खुलला. "एकदम योग्य निवड, ताई," म्हणाला. मला वाटलं, काय सज्जन माणूस, नकारसुद्धा किती आनंदाने घेतो. मी कृतार्थ होऊन हात जोडले. तो आत गेला, कोरं खोकं घेऊन आला, आणि बिल करणाऱ्या मुलीला त्याने नाव लिहायला सांगितलं, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. मी वळून पडद्याकडे बघितलं. तिथे लिहिलं होतं: हा घेतलेला बरा.

न उमटलाच नव्हता. माझी बोटं हलकी. मी फोनही टेबलावर आवाज न करता ठेवते. त्या रुपेरी लॅपटॉपची न ची कळ जरा जोरात मारल्याशिवाय ऐकत नव्हती, आणि जोरात मारणं माझ्या स्वभावात नाही.

मी हातवारे केले. त्याला वाटलं मला पिशवीही हवी आहे. मी जाऊबाईंकडे बघितलं. त्या एका यंत्रात डोकं घालून आतली टाकी तपासत होत्या. बिलाचा कागद अर्धा बाहेर आला होता. आणि त्या क्षणी मला बिल दिसत नव्हतं, बाईंचं हसून डोलावलेलं डोकं दिसत होतं. हीच कळ बैठकीत असती तर? कुणी म्हणालं असतं "न पाडता", आणि बाईंनी वाचलं असतं "पाडता".

इतक्या वर्षांचं माझं मौन मोडलं, आणि ज्या शब्दाने मोडलं तो शब्दसुद्धा नव्हता.

"न राहिला," मी म्हणाले.

विक्रेता दचकला. "कोण राहिलं, ताई? कुणी बाहेर थांबलंय का?"

"न," मी म्हणाले.

"कुणी नाही?"

एव्हाना जाऊबाई धावत आल्या होत्या. मी लग्न होऊन घरात आल्यापासून सकाळी माझा आवाज त्यांनी पहिल्यांदाच ऐकला, तेव्हा त्यांना वाटलं मला चक्कर आली. सगळं समजल्यावर त्या खुर्चीवर बसून पोट धरून हसल्या. "नेम मोडायचाच होता तर एखादं चांगलं भांडण तरी करायचंस," त्या म्हणाल्या. "एका अक्षरासाठी मोडलास."

बिल रद्द झालं. विक्रेत्याने भल्या मनाने तसं केलं, हे सांगायला हवं. नाहीतर माझा वाईट शब्द न काढायचा नेमही जायचा. मी पुन्हा गप्प झाले आणि मग प्रत्येक लॅपटॉपवर तेच एक वाक्य लिहीत सुटले, माझ्याच हलक्या बोटांनी. हा न घेतलेला बरा. कुठे न जायचा, कुठे दोनदा यायचा. एकावर तर माझी बोटं दुखली.

शेवटी अगदी कोपऱ्यात एक काळा, जाडसर, कुणाचं लक्ष जाणार नाही असा लॅपटॉप होता. कुठल्याशा कार्यालयाने वापरून परत केलेला, दुरुस्त करून हमीसह विकायला ठेवलेला. दुसऱ्याचं उष्टं वापरायचं म्हणून माझं मन जरा आक्रसलं. मग विचार केला, मी आयुष्यभर दुसऱ्यांचेच शब्द टाइप करते, तेव्हा उष्ट्याचं मला काय. एका हाताने झाकण उघडलं. खालचा भाग जागचा हलला नाही. मधोमध दाबलं, दगडावर बोट ठेवल्यासारखं वाटलं. बॅटरी बदलता येत होती. मी ते वाक्य लिहिलं, पुन्हा लिहिलं, पान भरेपर्यंत लिहिलं. प्रत्येक ओळीत न जागेवर होता.

मी त्या लॅपटॉपवर हात ठेवला आणि विक्रेत्याकडे बघून मान डोलावली. या वेळी विचार करून.

त्याने कपाळावरचा चष्मा खाली घेऊन आख्खं पान वाचलं. "ताई," तो हळूच म्हणाला, "पानभर नको नको लिहिलंय, आणि हाच घेताय?"

जाऊबाईंनी त्याला सांगितलं की आमच्याकडे पसंती अशीच कळवतात.

मोडलेल्या मौनाची भरपाई म्हणून त्या दिवशी मी रात्रीपर्यंत बोलले नाही. घरात कुणी हरकत घेतली नाही, यातच काय ते आलं.

बैठकीच्या दिवशी मी त्या काळ्या लॅपटॉपवर हात ठेवून नाव घेतलं. सवय जात नाही. वायर लावलीच नाही. बाईंना दुकानातली हकिकत मी आधीच लिहून दाखवली होती आणि त्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या होत्या. बैठकीत मात्र त्या हसत नव्हत्या. त्यांनी राजीनाम्याचा कागद पर्समधून काढून मांडीवर ठेवला होता.

ठेकेदार बराच वेळ पाडण्याच्या बाजूने बोलला. मग अध्यक्षांनी घसा साफ केला. ते तोंडातल्या तोंडात बोलणारे गृहस्थ. मी टाइप केलं: जुनं दालन न पाडलेलं बरं, पण मग जिना कुठून नेणार ते आत्ता सांगा.

बाईंनी वाचलं. पुन्हा वाचलं. त्यांनी माझ्याकडे वळून, त्यांना वाटलं हळू, पण खोलीभर ऐकू जाईल असं विचारलं, "यात न आहे ना, नक्की?"

मी मान डोलावणार होते. पण बाई आणि मी, आम्हा दोघींच्या माना आजवर फार डोलावून झाल्या होत्या. मी खालच्या ओळीत टाइप केलं: आहे.

बाईंनी मांडीवरचा कागद पर्समध्ये ठेवला, नकाशा उलगडला आणि जिना मागच्या भिंतीकडून कसा वर जाईल ते सांगायला लागल्या.