ल्युसेटचा कंगोरा

माझ्या सासूबाई एदमे यांनी स्वित्झर्लंडमधल्या ल लोक्ल गावच्या कारखान्यात चाळीस वर्षं घड्याळं पॉलिश केली, आणि पुढची एकतीस वर्षं माझं पॉलिश किती भिकार आहे हे सांगण्यात घालवली. आता सत्याऐंशीच्या आहेत. डोळे गेले, जीभ शाबूत आहे.

तर मार्चात डॉक्टर मोंतांदोंचं घड्याळ माझ्या टेबलावर आलं. सोन्याचं, अठ्ठावन्न सालचं. पट्टा अडकवायला चार शिंगं असतात ना, त्यातलं एक दगडी पायरीवर आपटून खोल चरा पडला होता. मी भिंग लावलं आणि चरा विसरूनच गेले. अहो, काय तो कंगोरा! केसाएवढी चकचकीत पट्टी, टोकाकडे जाता जाता अलगद आत वळलेली. इतक्या वर्षांत त्याला कुणी पॉलिशच्या चाकाला लावलंच नव्हतं.

चऱ्यात लेझरने सोनं भरता येतं, पण कंगोरा पुन्हा कानशीनेच काढावा लागतो. पितळेच्या तुकड्यांवर मी आठ दिवस घासलं. ते वळण काही येईना.

मालक पेर्नू म्हणाले, "सोलांज, किती डोकं फोडणार? चारही शिंगं चाकावर गोल करून टाक. सारखी दिसली म्हणजे झालं."

"दिसतील की सारखी! साबणाच्या वड्यांसारखी."

"मग महिनाअखेरपर्यंत करून दाखव. नाहीतर चाक."

घासलेलं सोनं परत येत नाही. उरलेले तिन्ही कंगोरे जगातून जाणार होते, आणि तेही माझ्या हाताने. मला नुसतं रडू यायचं बाकी होतं.

शेवटी नाक मुठीत धरून सासूबाईंना कारखान्यात घेऊन गेले.

"आलीस ना वठणीवर?" म्हणत त्यांनी खुर्ची ओढली. बोटं बधिर झालीत, म्हणून त्यांनी एक चांगलं शिंग खालच्या ओठावरून फिरवलं.

"ही ल्युसेट आहे," त्या म्हणाल्या.

"कोण ल्युसेट?"

"माझ्या शेजारी बसायची. गेली बिचारी. डावखुरी होती. शाळेत बाईंनी डावा हात बाकाला बांधून ठेवला, म्हणून लिहायची उजव्याने. कानस मात्र डाव्यानेच. तू उजवीकडून ढकलतेयस बये, वळण येणार कुठून?" मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "अकरा वर्षं मी तिचं बघून करायला गेले. मला नाही जमलं. कुणाला सांगू नकोस."

माझ्या अंगावर काटा आला. घड्याळावर नाव कंपनीचं. ल्युसेटचं कुठेच नाही. आणि या आंधळ्या म्हातारीने नुसत्या ओठाने तिला ओळखलं!

मग मी कानस डाव्या हातात धरली. सूपसुद्धा डाव्याने प्यायला लागले. नवरा म्हणायचा, "आज टेबलक्लॉथ पोटभर जेवला." एकोणचाळीस तुकडे वाया गेले. चाळिसाव्यावर हाताला कळलं की ढकलायचं नाही, नुसतं सोबत जायचं. वळण आपसूक आलं. मी खुर्चीतच बसून राहिले.

महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी सोन्यावर कानस लावली. काम संपल्यावर हात धुतले (ते पाणीही आम्ही फेकत नाही, त्यात सोनं असतं) आणि घड्याळाची रिकामी पेटी, म्हणजे यंत्र काढलेलं नुसतं सोन्याचं कवच, सासूबाईंच्या हातात दिली. त्यांनी चारही शिंगं ओठावरून फिरवली. पुन्हा पहिल्यापासून फिरवली. कपाळाला आठ्या पडल्या.

"यातलं तुझं कुठलं गं?"

या बाईने एकतीस वर्षांत मला पहिल्यांदाच काही विचारलं. मी पेटी हातात घेतली, भिंग लावलं, आणि मलाही कळेना! चावीचं भोक कुठल्या बाजूला आहे ते बघून चरा कुठल्या शिंगावर होता ते ठरवावं लागलं.

"खालचं डावं," मी म्हटलं.

"खोटं बोलतेस," सासूबाई म्हणाल्या.