तोटी उघडायची राहिली

धाकटेराव एकसष्ट वर्षांचे होते. डोक्यावर केस उरले नव्हते, ग्रंथपाल म्हणून अख्खी नोकरी करून झाली होती, तरी घरात आणि गल्लीत ते धाकटे ते धाकटेच. कारण थोरली बहीण हयात होती आणि चांगली खणखणीत होती. ताई दातांची डॉक्टर. दवाखाना बंद करून सहा वर्षं झाली, पण अजून समोरच्याने तोंड उघडलं की आधी दाढा मोजायची आणि मग बोलणं ऐकायची.

तर या धाकटेरावांनी एक घोळ घालून ठेवला होता. त्यांचे वडील, म्हणजे आप्पा, जाऊन बरीच वर्षं झाली होती. आप्पांची फुगीर दिव्यांची जुनी गाडी धाकटेरावांकडे होती. आप्पांचा दंडक असा, की इंजिन थंड ठेवायला या गाडीत साधं पाणीच घालायचं, आणि कडाक्याच्या थंडीत गाडी उभी केली की इंजिनाच्या पोटाखालची तोटी उघडून ते काढून टाकायचं. नाही काढलं तर पाणी गोठून फुगतं, आणि सगळं इंजिन ज्या बिडाच्या ठोकळ्यात बसतं तो ब्लॉकच तडकतो. "धाकट्या, तोटी!" म्हणून आप्पा दारातूनच ओरडायचे. गाडी लावलेली असायची आप्पांनी आणि ओरडा खायचा धाकट्याने! या हिवाळ्यात धाकटेराव तोटी विसरले. सकाळी बघतात तो काय, ब्लॉकला वीतभर चीर.

ब्लॉक गेल्याचं दुःख होतंच, पण खरी धास्ती वेगळीच होती. शेवटच्या आजारात आप्पा ताईला म्हणाले होते, "गाडी धाकट्याला देऊ नकोस, तो विसरतो." हे धाकटेरावांनी दाराआडून ऐकलं होतं. ताईने तरीही गाडी त्यांनाच दिली. आता महिन्याभरात ताई लेकीकडे कायमची राहायला जाणार होती, आणि जाण्याआधी एकदा ती गाडी स्वतः चालवायची म्हणून हटून बसली होती. म्हणजे आप्पांचं म्हणणं खरं ठरणार, आणि तेही ताईच्या डोळ्यांदेखत. मेल्याहून मेल्यासारखं झालं त्यांना.

"इंजिन म्हातारं झालंय गं ताई, आतून पार झिजलंय," त्यांनी फोनवर ठोकून दिलं. "जुन्या सामानातून दुसरा ब्लॉक आणतो."

"मी येते."

"तू कशाला? तुला त्यातलं काय कळतंय?"

"भेगा आणि भरणं बघण्यात माझा जन्म गेला," ताई म्हणाली. "नऊ वाजता तयार राहा."

भंगाराचं आवार गावाबाहेर होतं. दारांचे ढीग, चाकांचे ढीग, मधून जेमतेम एक गाडी जाईल एवढी वाट. मालकीणबाई जाड हातमोजे चढवून पुढे आल्या. त्यांचे म्हातारे वडील, ज्यांनी हा धंदा सुरू केला, ते भिंतीशी खुर्ची टाकून ऊन खात बसले होते.

"या मॉडेलचं इंजिन आसपास कुणाकडे मिळायचं नाही, आमच्याकडेच मिळेल," मालकीणबाई म्हणाल्या. "आजवर सगळ्यांनी इथूनच नेलंय. तीन ब्लॉक आहेत. बघून घ्या."

धाकटेरावांनी खिशातून चिठ्ठी काढली. तिच्यावर दोन नंबर होते. एक ओतीव, म्हणजे ब्लॉक ओततानाच उठवलेला. त्यावरून मॉडेल कळतं. दुसरा मागून ठोकलेला. तो प्रत्येक इंजिनाचा वेगळा. खरं तर खरेदीला पहिलाच पुरेसा होता, पण ग्रंथपालाची सवय, नोंद अर्धवट कशी ठेवणार? दोन्ही नंबर त्यांनी गाडीच्या कागदांवरून उतरवले होते. पाठ धरलेली असताना गाडीखाली कोण घुसतोय! कागदावर आहे म्हणजे आहेच.

पहिला ब्लॉक पाहताच ते खूश झाले. ताईने चष्मा वर केला आणि ओतीव नंबर वाचला. "शेवटी आठ हवा ना? इथे सहा आहे."

"तो मालवाहू गाडीचा, छोट्या टेम्पोचा," मालकीणबाईंनी कबूल केलं. "बाहेरून जुळा भाऊच. आतली सिलिंडरांची भोकं बारीक."

दुसरा हिरव्या रंगाने नुसता चमकत होता, नंबरही बरोबर. "हाच घेऊ या," धाकटेराव म्हणाले. ताईने पिशवीतून छोटी हातोडी काढून ब्लॉकला हळूच टिचकी दिली. आवाज आला, ठप्प. मग तिने दात तपासायची आकडी काढली आणि दोन सिलिंडरांच्या मधला रंग खरवडला. खालून भेगा बुजवायची पिवळट लांबी निघाली, आणि लांबीखाली काळी रेघ.

"कीड न काढता वरून भरलंय," ताई म्हणाली. "वर रंगाचा थाट! असल्या डॉक्टरला मी पायरी चढू दिली नसती."

"मलाही असाच विकला हो मेल्याने," मालकीणबाई चरफडल्या.

तिसरा मात्र दिसेचना. शेवटी मालकीणबाईंनी बोट दाखवलं. म्हाताऱ्या वडिलांच्या शेजारी बाकडं होतं आणि त्याच्या मोडक्या पायाच्या जागी तो ब्लॉक होता. गंजून लाल झालेला, वर चहाचे डाग. धाकटेरावांनी नाक मुरडलं. ताईने हातोडी मारली. टण्ण!

"हा बोलतोय बघ," ती म्हणाली. ओतीव नंबर जुळला. सिलिंडरांची भोकं मोजली तर एकदाच कातलेली, भिंती अजून जाड. फक्त एका बाजूला बारीक गोल ठिपक्यांची वेडीवाकडी ओळ होती.

"ती शिवलेली चीर," मालकीणबाई म्हणाल्या. "बाबांच्या हातचं काम. भोकं पाडून एकाला एक लागून लोखंडी खुंट्या ठोकल्यात."

ताईचा कुणाच्याच भरण्यावर विश्वास नव्हता. तिने त्या ओळीवर रॉकेल फासलं, पुसून कोरडं केलं आणि वर खडूची भुकटी चोळली. चीर जिवंत असेल तर आत मुरलेलं रॉकेल वर येऊन खडूवर रेघ उमटते. पंधरा मिनिटं थांबली, खडू पांढराच राहिला. "छान काम आहे," ती म्हणाली, आणि ताईच्या तोंडून हे शब्द फार थोड्या लोकांनी ऐकले होते.

मग तिने दांड्याचा आरसा आत घालून ठोकलेला नंबर वाचायला घेतला. आरशातलं उलटं वाचायची तिला सवयच. एकेक आकडा ती सांगत गेली, धाकटेराव चिठ्ठीवर बोट ठेवत गेले. तिसऱ्या आकड्याला बोट थबकलं, सातव्याला त्यांनी चिठ्ठीच ताईपुढे धरली.

"ताई, हा आपल्या गाडीचा नंबर आहे."

"मग आपल्या गाडीत कुणाचं इंजिन आहे?"

आता म्हातारबा खुर्चीत सावरून बसले. "तुम्ही त्या चष्मेवाल्या साहेबांची मुलं का? उंच, आवाज मोठा?" दोघांनी माना हलवल्या. "थंडीत तोटी उघडायची विसरले होते हो ते. पोरं शाळेतून यायच्या आत दुसरं इंजिन बसवून द्या म्हणून हातापाया पडायचेच बाकी होते. हा मी पुढे हौसेने शिवला, पण शिवलेलं घेतो कोण? गेला बाकड्याखाली."

ताई हसत सुटली. हसता हसता बाकड्यावर बसली, डोळ्यांतून पाणी आलं. मग एकदम थांबून तिने भावाकडे पाहिलं. "तूही तोटीच विसरलास ना?"

"हो," धाकटेराव म्हणाले.

"मला फोनवरच कळलं होतं. दाढ झिजायला वर्षं लागतात, तडकायला एक खडा पुरतो. झिजलेलं इंजिन आधी महिनोन्महिने धूर काढतं, एका सकाळीत मरत नाही."

"आप्पा तुला म्हणाले होते, मी विसरतो म्हणून." धाकटेराव चिठ्ठीची घडी घालत म्हणाले. "दाराआड होतो मी. तेव्हापासून सलतंय गं ते."

म्हातारबा खुर्चीतून पुढे वाकले. "म्हणजे धाकटे तुम्हीच! जाताना साहेब म्हणाले होते, 'आमचा धाकटा माझ्यावरच गेलाय, विसराळू. आता रोज त्याच्या नावाने ओरडत जाईन, म्हणजे माझ्या तरी लक्षात राहील.'"

धाकटेरावांनी तिथेच, परक्या माणसांसमोर, रुमाल काढून डोळे पुसले. इतक्या वर्षांचं ओझं उतरलं आणि आप्पांवर राग येण्याऐवजी मायाच दाटून आली. बाकड्याखाली मालकीणबाईंनी तो टेम्पोचा ब्लॉक सरकवला आणि आप्पांचा ब्लॉक घरी आला.

तीन आठवड्यांनी गाडी सुरू झाली. मेकॅनिक म्हणाला, "न गोठणारं कूलंट घाला आणि सुटा की एकदाचे." धाकटेरावांनी ऐकलं नाही. ताईने गाडी तासभर दामटली, दारात आणून लावली, आणि आत जाता जाता ओरडली, "धाकट्या, तोटी!" पाणी तोवर बादलीत पडायला लागलंही होतं.

"मी गेल्यावर कोण ओरडणार रे तुझ्यावर?" तिने विचारलं.

"माझ्यावर कशाला?" धाकटेराव म्हणाले.

ताई लेकीकडे गेली. थंडी अजून होती. रोज संध्याकाळी गाडी लावून धाकटेराव दारापर्यंत जातात, मागे वळतात आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असे ओरडतात, "आप्पा, तोटी!" मग परत येऊन, पाठ सांभाळत, वाकून ती स्वतःच उघडतात.